मैनेचा उत्तरार्ध

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राचं गाणं म्हणून ऐकली जाते. मला तीत त्यांच्या पक्षाचीही गोष्ट दिसते. पूर्वार्धात पोटासाठी मुंबईला आलेला मजूर आहे, गावी राहिलेली बायको आहे. उत्तरार्धात तीच मैना बेळगाव-कारवार होते. ताटातुटीचं कारण आधी गरिबी असतं, मग सीमारेषा. लाल बावटा कलापथकाच्या या शाहिरानं दोन्ही दुःखं एका दमात गायली. कम्युनिस्ट पक्षाला ते पेललं नाही.

संयुक्त महाराष्ट्र समितीत जाऊन पक्ष सत्तेच्या जवळ आला. १९५७ साली कॉम्रेड डांगे मुंबईतून लोकसभेत गेले, १९५८ साली मिरजकर महापौर झाले. लालबाग-परळच्या गिरण्यांत पक्षाची युनियन होतीच. पण ही लाट मराठी राज्याची होती. १९६० साली राज्य आलं, काँग्रेसच्या हाती गेलं, समिती विस्कटली. उरलेला मराठी अभिमान १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेनं उचलला. जून १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, आणि परळच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडून हरल्या.

समितीत जाणं चुकलं, असं मी म्हणणार नाही. बाहेर राहिले असते तर कामगारच त्यांना सोडून गेले असते. चुकलं ते एवढंच, की सत्तेच्या वाटेवर पक्षानं फक्त उत्तरार्ध पाठ केला. पूर्वार्धातला मजूर १९८२ साली संपावर गेला, तेव्हा त्यानं पुढारी निवडला तो दत्ता सामंत.