इंग्रजी पार्टिसिपल आणि मराठी ‘ऊन’ : व्याकरण-अध्यापनाची चिकित्सा

प्रास्ताविक

इंग्रजी वाक्याच्या आरंभी येणारा पार्टिसिपलयुक्त वाक्यांश हा पदवी वर्गातील उत्तरपत्रिकांत वारंवार चुकणारा भाग आहे. व्रेन आणि मार्टिन यांच्या प्रसिद्ध व्याकरणात याविषयीचा नियम स्पष्टपणे दिलेला आहे : पार्टिसिपल एखाद्या नामाशी किंवा सर्वनामाशी जोडलेले असले पाहिजे. फाउलर यांनीही १९२६ च्या आपल्या भाषाकोशात अशा सुट्या राहिलेल्या पार्टिसिपलांची चर्चा केली आहे. नियम योग्य आहे. मात्र विद्यार्थी तो का मोडतो, याचे उत्तर इंग्रजीच्या आतून लिहिलेल्या या ग्रंथांत मिळत नाही.

विवेचन

‘पत्र वाचून माझे डोळे भरून आले’ हे मराठी वाक्य सर्वथा शुद्ध आहे. भरून येण्याचा कर्ता ‘डोळे’ असला, तरी वाचणारा कोण हे ‘माझे’ या षष्ठीवरून कळते. ‘पत्र वाचून तिला आनंद झाला’ या वाक्यात कर्ता ‘आनंद’ आहे, पण अनुभव घेणारी व्यक्ती ‘तिला’ या रूपात येते. म्हणजेच मराठीतील ‘ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधित प्रथमान्त कर्त्याखेरीज अनुभव घेणाऱ्या व्यक्तीशीही नाते जोडू शकते. ‘सोलापूरला जाताना पाऊस आला’ या वाक्यात तर जाणाऱ्याचा उल्लेखही नाही, तरीही अर्थ अडत नाही.

हीच रचना इंग्रजीत नेली की ‘रीडिंग द लेटर, माय आईज फिल्ड विथ टिअर्स’ असे वाक्य तयार होते आणि पत्र डोळ्यांनीच वाचल्याचा अर्थ निघतो. इंग्रजीत अशा पार्टिसिपलचा कर्ता सामान्यतः मुख्य वाक्याचा कर्ताच मानला जातो. काळाचाही भेद आहे. ‘जेवून ती महाविद्यालयात गेली’ यातील ‘ऊन’ आधीची क्रिया दाखवितो. ‘ईटिंग लंच, शी वेंट टू कॉलेज’ मधून मात्र दोन्ही क्रिया एकाच वेळी घडल्याचा भास होतो. तेथे ‘हॅविंग ईटन लंच’ असेच रूप हवे. पार्टिसिपल म्हणजे धातुसाधित, एवढेच सांगून थांबणाऱ्या अध्यापनात हे दोन्ही भेद झाकले जातात.

सोलापूरच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील वर्गात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू घरांतील विद्यार्थीही असतात. मराठी ‘करून’, कन्नड ‘माडि’ आणि तेलुगू ‘चेसि’ ही रूपे निराळ्या भाषाकुळांतील असूनही समान कार्य करतात. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची मांडणी केली. मसिका यांच्या १९७६ च्या ग्रंथात या धातुसाधिताचा अशा सामायिक वैशिष्ट्यांत समावेश आहे. म्हणून ही चूक एखाद्या समाजाच्या किंवा ग्रामीण विद्यार्थ्याच्या ‘कच्च्या’ इंग्रजीचे लक्षण ठरविणे अशास्त्रीय आहे.

अर्थात मातृभाषेचा प्रभाव हे एकमेव कारण मानता येणार नाही. फाउलर यांची टीका इंग्रजी लेखकांवरच होती. शिवाय ‘कन्सिडरिंग’, ‘जजिंग फ्रॉम’ यांसारखे प्रयोग इंग्रजीत सुटे असूनही मान्य आहेत. तथापि मातृभाषक लेखकाकडून अनवधानाने नियम सुटतो, तर येथील विद्यार्थी बहुधा आपल्या भाषेचा नियम निष्ठेने पाळत असतो. दोहोंवर एकच उपाय लागू पडत नाही.

निष्कर्ष

उत्तरपत्रिकेत केवळ लाल रेघ ओढल्याने हा दोष दूर होणार नाही. पार्टिसिपलमधील क्रिया कोणाची आणि मुख्य वाक्याचा कर्ता तोच आहे काय, हे प्रश्न मराठी वाक्य समोर ठेवून विचारले पाहिजेत. कर्ता भिन्न असल्यास ‘व्हेन आय रेड द लेटर’ असे स्वतंत्र उपवाक्य करावे, ही सवय लावता येते. विद्यार्थ्याची भाषा दोषाचे मूळ म्हणून नव्हे, तर तुलनेचे साधन म्हणून वर्गात आली, तरच नियम त्याला समजेल. एरवी तो केवळ पाठ होईल.