फितुरीचा हिशेब

मराठी वाचकाच्या मनात हेरासाठी दोनच खोल्या आहेत. एकीत बहिर्जी नाईक, दुसरीत सूर्याजी पिसाळ. पहिल्याने स्वराज्यासाठी वेष पालटले. दुसऱ्याने, परंपरा सांगते त्याप्रमाणे, वाईच्या देशमुखीसाठी १६८९ मध्ये रायगड शत्रूच्या हाती दिला. या दोहोंत न बसणारा हेर पुढे आला की आपली बुद्धी अडखळते. हान्स-थिलो श्मिट हा असा हेर होय.

बर्लिनचे हे घर. आई बॅरनच्या कुळातली, बाप प्राध्यापक. पहिल्या महायुद्धानंतर घराची रया गेली, हान्सचा साबणाचा धंदा बुडाला. तेव्हा थोरल्या भावाने, रुडॉल्फने, त्याला जर्मन सैन्याच्या सांकेतिक लिपीच्या कचेरीत चिकटविले. या कचेरीचा रुडॉल्फ पूर्वी प्रमुख होता. १९३१ मध्ये धाकटा बेल्जममधील व्हेर्व्हिए गावी फ्रेंच हेरखात्याच्या माणसांना भेटला आणि एनिग्मा यंत्राची माहितीपत्रके त्याने पैशासाठी त्यांच्या हवाली केली. फ्रेंचांना त्यांचा फारसा उपयोग करता आला नाही. पोलंडच्या मारियान रेयेव्स्की या गणितज्ञाने मात्र त्यांच्या आधारे १९३२ च्या अखेरीस यंत्राची अंतर्रचना शोधून काढली. हिटलरच्या पराभवाचा एक धागा असा एका कंगाल घराच्या उंबरठ्यापर्यंत जातो.

या माणसावरील दोन ग्रंथ मी लागोपाठ वाचले. फ्रेंच हेरखात्यातील अधिकारी पोल पायोल यांनी १९८५ मध्ये आपल्या पुस्तकास जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘हिटलरच्या घरातला आमचा हेर’ असा होतो. त्यातील ‘आमचा’ हा शब्द मला खटकतो. पैसे मोजले म्हणजे माणूस आमचा होतो काय? ह्यू सिबॅग-माँटिफिओरी यांनी २००० साली लिहिलेल्या ग्रंथाचा आरंभच श्मिटपासून होतो, आणि ती पाने मला अधिक मोलाची वाटतात. परंतु पुढे समुद्रावरील लढाई सुरू होते, यंत्र मोठे होत जाते आणि माणूस मागे राहतो. एकाने त्याला कामाचा माणूस मानले, दुसऱ्याने कथेचे दार. त्याच्या अंतःकरणाचा हिशेब दोघांनीही पुरता मांडलेला नाही.

हा हिशेब मांडण्याची भाषा आपल्याजवळ आहे, हे आपण विसरतो. शत्रूच्या राज्यातील कोणती माणसे फुटतात, हे सांगताना कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात चार वर्ग केले: क्रुद्ध, लुब्ध, भीत आणि मानी. लुब्धांत तो ‘परिक्षीण’, म्हणजे संपत्ती ओसरलेला, याची गणना करतो. मानी वर्गात प्रतिस्पर्ध्याचा सत्कार न सोसणारा येतो. श्मिट पहिल्या नजरेला लुब्ध दिसतो. पण ज्या यंत्राचा स्वीकार भावाच्या अधिकारात झाला, त्याचेच मर्म त्याने विकावे, ही गोष्ट नुसत्या लोभाने उलगडत नाही. तो मानीही होता, असे मला वाटते.

सडक अर्जुनीत बसून हे लिहिताना मला तो परका वाटत नाही. आमच्याकडची मालगुजारी १९५१ मध्ये संपली. एका जुन्या मालगुजार घराण्यातील वृद्ध गृहस्थ माझ्या लहानपणी आमच्या ओसरीवर येऊन बसत. जमीन गेल्याचे दुःख ते हसून सांगत. चुलतभावाला एका साहेबाने खुर्ची दिली आणि आपल्याला बाकावर बसविले, ही गोष्ट मात्र त्यांना अखेरपर्यंत हसून सांगता आली नाही. त्यांनी कोणाचे काही विकले नाही. त्यांचे मन मोठे म्हणून, की विकण्याजोगे गुपितच त्यांच्यापाशी नव्हते म्हणून, याचा निवाडा मला करवत नाही.

श्मिटला १९४३ मध्ये अटक झाली. त्याच साली तो कैदेत मेला, आणि भावाचेही सेनापतिपद गेले. त्याच्या कृत्याने जगाचे भले झाले, हे खरे. त्याने ते जगाच्या भल्यासाठी केले नाही, हेही खरे. ही दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणता येणारे चरित्र अजून लिहावयाचे आहे. ते मराठीत लिहिले गेले, तर आपल्या दोन खोल्यांमधली भिंत तरी पडेल.