गावांची टोपणनावे आणि आपले हसू

गावांना चिडवण्याची हौस मराठी विनोदात जुनी आहे. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची गमतीदार चिकित्सा करून या हौसेला साहित्याची प्रतिष्ठा दिली. त्या त्रयीत ठाणेकराला जागा नव्हती. लोकांच्या तोंडी मात्र ठाण्याची वेगळीच नोंद होती. कोणी विचित्र वागला की, ‘याला ठाण्याला पाठवा’, असे सहज म्हटले जाई.

या उपहासाचे मूळ १९०१ साली ठाण्यात उभ्या राहिलेल्या मनोरुग्णालयात आहे. रुग्णसेवेची वास्तू विनोदाच्या तावडीत सापडली आणि तिच्यातला रुग्ण तेवढा विसरला गेला. ठाणेकर हा टोमणा हसून परतवू शकतो, कारण तो आपल्याला लागू नाही, हे त्याला ठाऊक असते. ज्याच्या घरी खरोखरच मनाचा आजार आहे, त्याला ही सोय नाही. अशा हशाच्या धास्तीने आजार लपवला जातो आणि उपचार लांबतात. विनोदाची परीक्षा करताना ही किंमतही मोजली पाहिजे.

ठाण्यापलीकडच्या डोंबिवलीचे उदाहरण याहून निराळे आहे. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या चित्रपटाने लोकलगाडीच्या नावाला मध्यमवर्गीय माणसाच्या कोंडीचा अर्थ दिला. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) एका अक्षराची कोटी केली, पण उंच इमारती आणि शेजारची वस्ती यांतील दरीही दाखवली. येथे हसू गावावर थांबत नाही, त्याच्या दुखण्यापर्यंत पोहोचते. म्हणूनच ही कोटी बोचत नाही.

आपल्या समाजालाही ‘पाववाले’ हे नाव चिकटले. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गाव बाटवल्याच्या लोककथांनी त्या शब्दाला कडवटपणा दिला. आज वडापाव मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय आहे. पाव पवित्र झाला, टोमणा मात्र उरला. पण आपण तरी कुठे निर्दोष आहोत? गोव्याहून मुंबईत आलेल्या बांधवांना ‘माकापाव’ म्हणून हिणवले गेले, तेव्हा आपणही त्या हशात सामील झालो. त्यांच्यापासून वेगळे ओळखले जावे म्हणून १८८७ साली येथील ख्रिस्ती मंडळींनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या समाजाने पूर्वेचे नाव घ्यावे, यावर तर आपणच प्रथम हसायला हवे.

टोपणनावाला शुभवर्तमानाचाही विटाळ नाही. प्रभू येशूने शिमोनाला खडक म्हटले आणि जब्दीच्या तापट मुलांना गर्जनेचे पुत्र. त्या नावांत थट्टेची छटा असेल, पण माणूस काय होऊ शकतो याची आशाही होती. नाझरेथ या गावाच्या नावावरून नथनेलने नाक मुरडले, तेव्हा त्याला केवळ ‘ये आणि पाहा’ असे आमंत्रण मिळाले. टोपणनावांवर लिहिणाऱ्या विनोदकाराने एवढेच करावे: वाचकाला हसवावे, आणि त्या गावात, त्या घरात नेऊन उभे करावे. तेथे पोहोचल्यावर जे हसू टिकेल, ते निर्मळ.