'नेटहॅक' : एका खेळाचे व्याकरण

१९८० च्या सुमारास अमेरिकेत मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन ह्यांनी 'रोग' (अर्थ : भामटा) हा संगणकीय खेळ रचला. त्याच्या वंशातील 'नेटहॅक' (१९८७) आजही खेळला जातो. भुयाराची रचना प्रत्येक डावात नव्याने सिद्ध होते आणि मेलेले पात्र पुन्हा उठत नाही, ही त्याची दोन लक्षणे सर्वश्रुत आहेत. प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे तो त्याच्या भाषिक अंगाचा.

भुयारात मिळणारी द्रव्ये केवळ रंगाने व मंत्रपत्रे निरर्थक अक्षरांनी निर्दिष्ट होतात. कोणत्या रंगात कोणता गुण, हे दर डावात बदलते. दुकानदार काय किंमत सांगतो, पाळीव कुत्रा एखाद्या वस्तूवर पाऊल टाकण्यास का कचरतो, ह्यांवरून खेळाडूने तर्क बांधावयाचा. शब्द व अर्थ ह्यांचा संबंध यादृच्छिक असतो, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे प्रत्यक्ष अनुभवास येतो. डाव संपताच कोश पुसला जातो. कोश रचण्याची रीत तेवढी खेळाडूपाशी उरते. ह्या खेळाचे खरे मोल त्यात आहे.

नेटहॅकची मूळ आज्ञावली खुली असून तीत फेरफार करण्यास मुभा आहे. जपानी व जर्मन रूपांतरे झालीही आहेत. मराठी रूपांतर करू पाहणाऱ्यास मात्र एक गोष्ट लवकरच कळून येते : ह्या आज्ञावलीत व्याकरण आहे, पण ते इंग्रजीचे. उपपद लावणे, अनेकवचन साधणे ह्यांची तीत स्वतंत्र व्यवस्था आहे. ती झाली की नाम वाक्याच्या साच्यात जसेच्या तसे बसते. मराठीत ते बसत नाही. तू पाल मारलीस, उंदीर मारलास, मांजर मारलेस : कर्माचे लिंग बदलताच क्रियापद बदलते. विभक्ती लागताच 'उंदीर' चा 'उंदरा-' होतो.

भुयारातील स्थळांना मुळशी तालुक्यातील गावांची नावे दिली, तर अडचण अधिक स्पष्ट होते. खेळाडू ताम्हिणीत शिरेल, पौडात शिरेल, आंबवण्यात शिरेल. नाम न बदलता 'मध्ये' जोडावे, असा सोपा उपाय कोणी सुचवील. परंतु 'मध्ये' हे शब्दयोगी अव्ययही सामान्यरूपाचीच अपेक्षा करते. 'आंबवण्यामध्ये' हेच शुद्ध. 'ताम्हिणी' चे सामान्यरूप मूळ रूपाहून भिन्न नसल्याने तेथे दोष झाकला जातो. 'आंबवणेमध्ये' म्हणताच तो उघडा पडतो.

हा प्रश्न एका खेळापुरता नाही. तिकिटे, पावत्या, सूचनाफलक ह्यांची मराठी अशाच साच्यांतून निघू लागली, तर अविकारी नाम हेच वाचकाच्या डोळ्यांस नियमित वाटू लागेल आणि सामान्यरूप अपवाद ठरेल. भाषेचा असा ऱ्हास कोणाच्या इच्छेने होत नाही. तो सोयीने होतो.

म्हणून रूपांतरकाराने शब्दांची यादी करण्याआधी नामांची सारणी करावी : प्रत्येक नामापुढे त्याचे लिंग व सामान्यरूप. पुष्कळशी रूपे नियमांनी साधतील, उरलेली नोंदवावी लागतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यास हे काम एका सत्रात साधण्याजोगे आहे, आणि त्याचा उपयोग खेळ संपल्यावरही राहील.