फिरती तबकडी, कोंडलेला विद्युतभार

बंद पडलेली हार्ड डिस्क भंगारात देण्याआधी मी ती उघडून पाहतो. चांदणीच्या आकाराचा बारीक पेचकस लागतो, आणि एक स्क्रू हमखास स्टिकरखाली दडलेला असतो. झाकण निघालं की आतली तबकडी दिसते आणि हात थबकतो. घरातल्या कुठल्याही आरशाहून ती नितळ असते. तिच्यावर बोटाचा ठसा उमटला तर वाईट वाटतं, डिस्क मेलेली असली तरी.

एसएसडी घेऊ की हार्ड डिस्क, असं मला कुणी ना कुणी सतत विचारत असतं. उत्तर थोडक्यात असं: संगणक ज्यावर चालतो ती एसएसडी असावी, आणि जे वर्षानुवर्षं सांभाळायचं ते हार्ड डिस्कवर ठेवावं. पण असं का, हे समजून घ्यायचं तर दोघींची लक्षात ठेवायची तऱ्हा जवळून पाहावी लागते, आणि ती पाहण्यासारखी आहे.

आधी थोरली. साडेतीन इंची डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. तिच्या कडेवरचा एखादा बिंदू ताशी जवळजवळ १३० किलोमीटर वेगानं धावत असतो. त्यावर एक हात झुकलेला असतो आणि हाताच्या टोकाला तिळापेक्षा लहान हेड. हे हेड तबकडीला टेकत नाही. तबकडी फिरताना सोबत हवा ओढते आणि त्या हवेच्या थरावर हेड तरंगतं. अंतर किती, तर काही मोजके नॅनोमीटर. आपल्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात जाते. धुळीचा एक कण आत शिरला तरी अनर्थ. हात हलवण्याचं तत्त्व मात्र आपल्या ओळखीचं: चुंबकाच्या क्षेत्रात तारेचं वेटोळं, लाउडस्पीकरमध्ये असतं तसंच. ज्या युक्तीनं स्पीकरचा पडदा थरथरतो, तीच युक्ती इथे लाखो वर्तुळांतून हवं ते अचूक गाठते.

मला सर्वांत भावते ती वीज गेल्यावरची तिची वागणूक. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्याकडे यूपीएस नव्हता, दिवे जायचे आणि संगणक धाडकन बंद व्हायचा. हवेवर तरंगणारं हेड त्या क्षणी तबकडीवर आपटायला हवं. आपटत नाही, कारण तबकडी अजून फिरत असते. तेवढ्या वेळापुरती तिची मोटार उलट जनित्र होते, उरलेल्या गतीतून वीज काढते आणि त्या विजेवर हात मागे सरकून बाजूच्या उतरणीवर जाऊन बसतो. हे ज्यानं प्रथम योजलं त्याला माझा मनापासून नमस्कार.

१९५६ साली आयबीएमनं पहिली अशी यंत्रणा विकायला काढली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन, आणि त्यात मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. आज मोबाइलनं काढलेला एखादा मोठा फोटो त्यात बसला नसता. तत्त्व मात्र तेव्हापासून तेच राहिलं, फिरती तबकडी आणि तिच्यावरून सरकणारा हात.

तिची मर्यादाही याच तत्त्वात आहे. हवी ती जागा हेडखाली फिरून येईपर्यंत थांबावं लागतं. अर्ध्या फेऱ्याला चार मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ, शिवाय हात योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-नऊ. विखुरलेल्या जागांवरचं वाचायचं असेल तर सेकंदाला ऐंशीएक येरझाऱ्या होतात, त्यापलीकडे ती बिचारी धावू शकत नाही. संगणक सुरू होताना हजारो चिमुकल्या फाइली इथून-तिथून गोळा कराव्या लागतात. पडद्यावरचं ते गरगरणारं चक्र म्हणजे याच येरझाऱ्या. सलग लिहिलेला चित्रपट वाचायला दिला तर तीच डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट सहज ओतते. तिला खरा जाच होतो तो या इकडून तिकडे धावण्याचा.

आता धाकटी. ती उघडून काही दिसत नाही. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब पट्टी, तीवर दोन-चार काळ्या चौकोनी चिप्स. हलणारं काही नाही, म्हणून आवाजही नाही. तिचं सौंदर्य मनात उभं करावं लागतं. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या कल्पनेतून १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी जन्माला आली. तिच्या प्रत्येक कप्प्यात विजेचा भार कोंडलेला असतो, चहूबाजूंनी वीजरोधक भिंती. नियमानं इलेक्ट्रॉनला ती भिंत ओलांडता येऊ नये, पण पुरेसा दाब दिला की पुंजभौतिकीच्या नियमानं तो भिंतीतून पार होतो आणि दाब काढला की आत अडकून बसतो. सुरुवातीला भार आहे की नाही एवढंच वाचत. आता अनेक स्वस्त एसएसडींत एका कप्प्यात चार बिट असतात, म्हणजे भाराच्या सोळा पातळ्या. घागरीच्या आत सोळा खुणा करून पाणी नेमकं कुठल्या खुणेपर्यंत आहे हे झाकण न काढता ओळखायचं, असं ते काम आहे.

शिवाय तिला लिहिलेलं एकेक ओळ करून खोडता येत नाही, मोठा ठोकळाच्या ठोकळा पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्यानं भिंती थोड्या झिजतात. म्हणून आतला कंट्रोलर बदललेला मजकूर दरवेळी नव्या जागी लिहितो, जुनी जागा सवडीनं झाडतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटतो. एसएसडीचा कस या कारभाऱ्यावर ठरतो. म्हणून ज्या बनावटीचं नावही कधी ऐकलं नाही तिच्या मोहात पडू नये, आणि ती काठोकाठ भरूही नये. झाडलोटीला मोकळी जागा लागते.

हिच्याकडे वाट पाहणं जवळजवळ नाही. मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात, बहुधा त्याआधीच, मागितलेलं हातात येतं. शेजारच्या काकू आपला जुना लॅपटॉप मुलाला देऊन टाकणार होत्या. मी फक्त डिस्क काढून साधी साटा जोडणीची एसएसडी बसवली. बटण दाबून त्या सवयीनं चहा टाकायला उठल्या आणि अर्ध्या वाटेवरून वळल्या. "अरे, झालासुद्धा चालू?" सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या साटाऐवजी साडेतीन हजारांची एनव्हीएमई एसएसडी बसवली असती, तरी काकूंना फारसा फरक जाणवला नसता. त्यांचं काम प्रवाहाच्या रुंदीवर अडलेलं नव्हतं, त्या येरझाऱ्यांवर अडलं होतं.

मग सगळंच एसएसडीवर का ठेवू नये? कारण कोंडलेला भार कायम कोंडलेला राहत नाही. वीज न देता कपाटात पडून राहिली की तो हळूहळू पाझरतो, झिजलेल्या एसएसडीत लवकर. तबकडीवरचं चुंबकीय लिखाण विजेविना टिकण्यात तिच्याहून पक्कं. आणि जायची वेळ येते तेव्हा थोरली बहुतेकदा आधी सांगते: खराब जागांची संख्या वाढू लागते, वाचताना अडखळते, टक-टक असा आवाज येतो. धाकटी पुष्कळदा काल चालू आणि आज नाही.

ती टक-टक मी एकदा ऐकली आहे. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या एका डिस्कवर होत्या. दुसरी प्रत नव्हती. रात्री अकराला तो आवाज आला आणि पहाटेपर्यंत मी एकेक फोल्डर दुसरीकडे उतरवत शेजारी बसून होतो. मधेच ती थांबायची, हात पुन्हा सुरुवातीच्या जागी जाऊन यायचा, पुन्हा वाचायची. शेवटची फाइल उतरल्यावर आणखी एकदाच सुरू झाली.

आता ओव्या दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक माझ्याकडे, एक साताऱ्याला बहिणीकडे. दरवर्षी दिवाळीत तिच्याकडे गेलो की माझी डिस्क सोबत नेतो. फराळ होतो, मुलं अंगणात जातात, आणि दोन्ही डिस्क आळीपाळीनं जोडून, प्रत्येक फाइल शेवटपर्यंत उघडते ना हे आम्ही दोघं पाहतो. जात्याची घरघर सुरू होते तेव्हा खाली तबकडीचं गुणगुणणं ऐकू येत असतं, आणि आजी गायला लागेपर्यंत दोन्ही आवाज वेगळे करता येत नाहीत.