अंधार सिनेमातला की प्रतीतला?

'मध्यरात्रीचं गाणं' या १९३७ च्या शांघायमधल्या चित्रपटाचं नाव संग्राहक घेतात, तेव्हा सोबत दोन विशेषणं हमखास येतात: 'पहिला चिनी भयपट' आणि 'चांगली प्रत मिळणं अवघड'. गंमत म्हणजे, सिनेमा चांगला आहे का, हे या दोन्हींतून कळत नाही.

दिग्दर्शक मा-शू वेइबांग यांनी सांगाडा घेतला तो 'फँटम ऑफ द ऑपेरा'चा. पण बदल मोठा केला. इथला सोंग दानपिंग हा क्रांतिकारक, पुढे रंगभूमीवरचा नट. प्रेमाच्या वैरातून एक बडं प्रस्थ त्याच्या चेहऱ्यावर ॲसिड टाकायला लावतं. तो पडक्या नाट्यगृहात लपतो आणि वेड लागलेल्या प्रेयसीसाठी रात्री गातो. म्हणजे घाबरायचं कुणाला? भुताला नाही, त्याला भूत करणाऱ्याला. गाण्याचे शब्द त्यान हान यांचे. चीनच्या राष्ट्रगीताचे शब्दही त्यांचेच. संगीत श्यान शिंगहाय यांचं. त्यामुळे भयपटात मधेच क्रांतीचा सूर लागतो, तो उगाच नाही. पूर्वकथा मात्र फार लांबते, हे मान्य करायला हवं.

आता माझी चूक सांगतो. पहिल्यांदा मी फार झिजलेली प्रत पाहिली. वहीत लिहिलं, 'अंधाराचा अफलातून वापर!' नंतर बरी प्रत मिळाली, तर त्याच अंधारात चक्क जिना दिसला. मी कौतुक करत होतो ते कॉपीवर कॉपी काढून झालेल्या झिजेचं! संग्राहकांना भुरळ पडते तीही बऱ्याचदा याचीच. ओरखडे, खरखर, उडालेली दृश्यं यांमुळे काहीतरी निषिद्ध हाती लागल्यासारखं वाटतं. तो अनुभव खोटा नाही, पण तो दिग्दर्शकाचा नाही.

दोन्ही प्रतींत टिकलं ते काय? भिंतीवर चढत जाणारी सावली, चेहरा दाखवायला केलेला उशीर, सुटत जाणाऱ्या पट्ट्या आणि ते गाणं. श्रेय द्यायचं ते याला.

लॅबमध्ये आपण आधी ब्लँकचं रीडिंग घेतो, मग नमुन्याचं. जुन्या सिनेमावर लिहितानाही तेच करा. कोणती प्रत पाहिली ते नोंदवा, जमलं तर दुसरी शोधा, आणि 'पहिला' हा शब्द तपासल्याशिवाय प्रबंधात घालू नका. दुर्मीळ असणं हा गुण नाही, ती फक्त अवस्था आहे.