संहिता उरली, प्रेक्षक गेला

यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतली, रंगभूमी जतन करायची म्हणजे नेमकं काय जतन करायचं? १८७६ मध्ये रुमानियातल्या यासी शहरी अब्राहम गोल्डफादेनने एका मद्यगृहाच्या बागेत पहिले प्रयोग लावले, तेव्हा त्याच्याजवळ बांधेसूद संहिता नव्हती. पदं होती, ढोबळ कथानक होतं आणि संवाद जागच्या जागी रचणारे गायक-नट होते. १८८३ मध्ये रशियात झारच्या राजवटीने यिद्दिश नाटकांवर बंदी घातली आणि नटमंडळी लंडन, न्यूयॉर्कला पांगली. न्यूयॉर्कमध्ये नाटककार जेकब गॉर्डिनने पदरची वाक्ये घुसडणाऱ्या नटांना लगाम घातला. १८९२ मध्ये नट जेकब अ‍ॅडलर त्याच्या 'यिद्दिश किंग लियर'मध्ये उभा राहिला. म्हणजे या रंगभूमीत शब्दाला मान मिळाला तो नटानंतर. 'डिबुक' या नाटकासारखी वाङ्मयीन उंची तर १९२० मध्ये, वॉर्सातल्या प्रयोगाने आली.

आजचं जतन मात्र बहुतांशी कागदाचं आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये स्वामित्वहक्कासाठी जमा केलेली हजाराहून अधिक यिद्दिश नाटकं आहेत. १९२५ मध्ये विल्नात स्थापन झालेल्या यिव्हो या यिद्दिश संशोधन संस्थेचे दस्तऐवज नाझी अमलात काही जणांनी जीव धोक्यात घालून लपवले. कागद नसता तर काहीच उरलं नसतं, हा आक्षेप मला मान्य आहे. त्या माणसांच्या धाडसापुढे मान लवते. पण मॉस्कोतल्या यिद्दिश नट सोलोमन मिखोएल्सचा १९३५ चा लियर घ्या. शेक्सपियरची संहिता कुठेच धोक्यात नव्हती. १९४८ च्या जानेवारीत स्टालिनच्या यंत्रणेने मिखोएल्सची हत्या केली, पुढच्या वर्षी त्याचं नाट्यगृह बंद पडलं. गेला तो त्याचा लियर, आणि त्याची भाषा घरात बोलणारा प्रेक्षक तर त्याआधीच महायुद्धात लाखोंनी मारला गेला होता.

मग २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या फोक्सबीने या मंडळीने 'फिडलर ऑन द रूफ' यिद्दिशमध्ये केलं, त्याला काय म्हणायचं? ब्रॉडवेचं संगीतक उलट फिरवून आणलेली ही गतकातरता आहे, असं नाक मुरडता येईल. मला ते पटत नाही. उसनवारी हा या रंगभूमीचा जन्मजात गुण, गॉर्डिननेही तेच केलं. उणीव दुसरीकडे आहे. अनेक नटांनी भाषा भूमिकेसाठी शिकलेली, आणि प्रेक्षक इंग्रजी व रशियन उपशीर्षकं वाचणारा. विनोदाला हशा येतो तो नटाच्या तोंडाकडे बघून नव्हे, पट्टी वाचून, कधी नटाचं वाक्य संपण्याआधीच. ज्या नटाचा सारा खेळ समोरच्याच्या प्रतिसादावर चालायचा, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

भाषा मेलेली नाही, असंही सांगितलं जातं, आणि ते खरंच आहे. ब्रुकलिनच्या हसिदी पंथीय ज्यूंच्या वस्त्यांत मुलं यिद्दिशच बोलतात. पण तिथला धर्मनिष्ठ समाज असल्या नाट्यगृहाची पायरी सहसा चढत नाही. प्रेक्षक होऊ शकणारी माणसं एकीकडे, रंगमंच दुसरीकडे. तरी पुरीमच्या सणाला याच वस्त्यांत पुरुषमंडळी सोंगं घेऊन नाटक करतात. गोल्डफादेनच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली ही प्रथा जतन-प्रकल्पांच्या चर्चेत लोकाचार म्हणून बाजूला पडते. तिथे पट्टी लावायची गरज कुणाला पडत नाही.